डाग खाली, दुखणे वर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सकाळी उठल्यावर कोणी देवापुढे दिवा लावतो, कोणी फिरायला जातो. मी आधी जिना उतरून खाली जातो आणि आमच्या जुन्या गाडीखाली वाकून बघतो. सोसायटीतल्या पोरांना याची मोठी गंमत वाटते. "आजोबा, बॉल गेलाय का खाली?" असे विचारतात. बॉल नव्हे, मी थेंब शोधत असतो. आजचे बोलणे या थेंबाविषयीच आहे. जुन्या गाडीखाली पडणारा तेलाचा थेंब नेमका कुठून येतो, तो कसा ओळखायचा, आणि तो ओळखताना माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाने काय काय चुका केल्या, ते सांगणार आहे.

आमची गाडी २००४ सालची. सात माणसे बसतात, डिझेलवर चालते. कराडला कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवत होतो, तेव्हा भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून घेतलेली. मुलीचे लग्न, वडिलांचे आजारपण, नातीचे बारसे, सगळे तिने पाहिले. २०१९ साली पंधरा वर्षे पुरी झाली तेव्हा चिरंजीव म्हणाले, "बाबा, आता विका." मी पुनर्नोंदणी करून घेतली. जुन्या गाडीशी माणसाचे नाते हिशेबाचे नसते, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल.

या गाडीचे सगळे काम पहिल्यापासून एकाच मिस्त्रींकडे. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि पुढे एक चिंचेचे झाड. २०२२ च्या एप्रिलमध्ये मी त्यांच्याकडे इंजिन ऑइल आणि फिल्टर बदलून घेतला. मे महिन्यात चिपळूणला भाचीचे लग्न होते, त्याआधी गाडी ठीकठाक असावी म्हणून. पैसे देताना मिस्त्री म्हणाले, "सर, इंजिनाखालची पत्र्याची प्लेट काढून धुतलीय. चिखल आणि ऑइलचा बोटभर थर होता. वरनं कुठनंतरी ओल येतीय. आठ दिवसांनी एकदा आणा, बघू." मी घाईत होतो. हं, हं म्हणालो आणि निघालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगच्या फरशीवर ताटलीएवढा काळा डाग. याआधी कधी डाग पडला नव्हता. ऑइल बदलले आणि डाग पडला! दुसरे कारण काय असणार? ड्रेन बोल्ट नीट आवळला नसणार. मी तसाच तडक गॅरेजवर गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "बोल्ट आवळता येत नसेल तर काम घेता कशाला?" मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले, गाडीखाली शिरून बोल्टला पाना लावून पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "बोल्ट घट्ट आहे, सर. गाडी दोन तास ठेवून जा, बघून ठेवतो." मी ठेवली नाही.

एकतीस वर्षे मी मुलांना शिकवले की एक गोष्ट दुसरीनंतर घडली म्हणजे ती तिच्यामुळे घडली असे होत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, एवढेच. पण फळ्यावरचे शहाणपण आपल्या पार्किंगमध्ये कामाला येईलच असे नाही.

मग मी एका मोठ्या, चकचकीत गॅरेजमध्ये गेलो. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. तिथे गाडी रॅम्पवर चढवली. एका तरुणाने खालून दोन मिनिटे बॅटरी मारली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात, त्या सांध्याच्या तळाशी थेंब लोंबत होता. "मागचे ऑइल सील गेले. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. बावीस हजार धरा." लग्न तोंडावर आल्याचे सांगितल्यावर तो म्हणाला, "जाऊन या, एवढ्यात काही होत नाही." मला ते पटले. थेंब तिथेच लोंबत होता ना! डोळ्यांनी पाहिला होता.

आता एक गंमत ऐका. या सगळ्या दिवसांत इंजिन ऑइलची पट्टी ओढून कोणीही पाहिली नव्हती. मीही नाही. आणखी एक. सकाळी गाडी पार्किंगमधून काढताना स्टीअरिंग वळवले की कण्हल्यासारखा आवाज यायचा. सौ.ने दोनदा विचारलेही, "ही अशी का रडतेय?" मी म्हणालो, "बेल्ट जुना झालाय." गाडी आपले दुखणे सांगत होती. ऐकणारा मात्र थेंबाकडे बघत बसला होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. मागे ऐंशी वर्षांच्या सासूबाई, सौ. आणि नात. पाटण गेले, कोयनानगरला चहा झाला. तिथून निघताना आवाज वाढला होता. पुढे कुंभार्ली घाटाचा रस्ता. पहिल्या दोन वळणांवरच लक्षात आले की स्टीअरिंग जड झाले आहे. हात भरून आले. तिसऱ्या वळणावर समोरून मालट्रक आला. गाडी वळली, पण दोन्ही हातांचा सगळा जोर लावून. जागा मिळताच कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. घाटाचा मोठा उतार अजून पुढेच होता. मागे सासूबाई नातीला गोष्ट सांगत होत्या. त्यांना यातले काही कळले नव्हते. मला मात्र घाम फुटला होता.

फोन कोणाला करणार? ज्या माणसाचा चारचौघांत अपमान केला होता त्यालाच केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "इंजिन बंद केलंय ना? माणसं उतरवा आणि लांब सावलीत बसवा." मग म्हणाले, "बॉनेट उघडा. बेल्टच्या बाजूला एक लहान डबी आहे, झाकणावर स्टीअरिंगचं चित्र असेल. त्यात ऑइल किती दिसतंय?" मी पाहिले. खालच्या खुणेच्याही खाली, तळाशी चमचाभर असेल. "आता इंजिन ऑइलची पट्टी बघा." ती अगदी वरच्या खुणेपर्यंत भरलेली. फोनवर क्षणभर शांतता. मग मिस्त्री म्हणाले, "सर, इंजिन ऑइल एक थेंब कमी झालेलं नाही. गळतंय ते स्टीअरिंगचं ऑइल. घाट उतरू नका. पाइप फुटून गरम सायलेन्सरवर फवारा गेला तर पेट घेईल."

मंडळींना परत कोयनानगरला पोचवले आणि तिथून चिपळूणच्या एस.टी.त बसवले. लग्न व्यवस्थित पार पडले. गाडी दुसऱ्या दिवशी टेम्पोवर चढवून कराडला आणली.

त्या दिवशी मिस्त्रींनी जे केले, ते मी स्टुलावर बसून पाहिले. तुम्हालाही सांगतो, कारण ते कोणालाही समजेल असे आहे आणि त्याने पुष्कळांचे पैसे वाचतील.

त्यांनी आधी पाना हातात घेतलाच नाही. पहिले काम, डब्या आणि पट्ट्या तपासल्या. गाडीत जितके द्रव आहेत तितक्यांची पातळी पाहिली. कुठला कमी झाला आहे हे कळले की निम्मे काम झाले. इंजिन ऑइलची पट्टी बघताना गाडी सपाट जागेवर असावी आणि इंजिन बंद करून काही मिनिटे झालेली असावीत. पट्टी एकदा पुसून पुन्हा बुडवायची, मगच वाचायची.

दुसरे काम, धुणे. थंड इंजिनावर तेलकटपणा काढणारे द्रावण ब्रशने लावून, बेताच्या पाण्याने सगळी बाजू धुतली. त्याआधी अल्टरनेटर, वायरींचे जोड आणि हवा आत जाण्याचे तोंड प्लॅस्टिकने झाकले. जोराचा फवारा मारला नाही. पेट्रोल किंवा रॉकेल यासाठी वापरू नये, आगीचा धोका असतो. मग सगळे कोरडे केले. अठरा वर्षांची घाण अंगावर असताना नवी ओल आणि जुनी ओल वेगळी कशी करणार?

तिसरे काम पाहून मला हसू आले. त्यांनी खिशातून टाल्कम पावडरीचा डबा काढला आणि संशयाच्या जागांवर पांढरी पावडर भुरभुरली. पत्र्याच्या शेडमध्ये चमेलीचा वास सुटला. खाली वर्तमानपत्रे पसरली आणि त्यावर चाकांच्या जागा पेन्सिलीने आखल्या, म्हणजे थेंब गाडीच्या कोणत्या भागाखाली पडला ते नंतर मोजता येते. डबी योग्य ऑइलने भरली, इंजिन चालू केले आणि पोराला स्टीअरिंग सावकाश दोन्हीकडे फिरवायला सांगितले. दहा मिनिटांनी इंजिन बंद करून बॅटरी आणि दाढीचा आरसा घेऊन ते वाकले. "या सर, बघा."

पांढऱ्या पावडरीवर एक तांबूस रेघ उमटली होती. स्टीअरिंगच्या पंपातून निघणारा जो दाबाचा पाइप असतो, त्याचे रबर जिथे लोखंडी नळीवर दाबून बसवलेले असते, त्या जोडातून ऑइल पाझरत होते. तिथून ते खालच्या आडव्या पट्टीवर, पट्टीवरून ऑइल चेंबरच्या काठाला, आणि काठाकाठाने मागे जाऊन अगदी त्या प्रसिद्ध सांध्याच्या तळाशी. गाडी चालताना वारा तेल मागे ढकलतो. म्हणजे थेंब जिथे पडत होता, तिथे काहीच बिघडलेले नव्हते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते असे. बावीस हजार देऊन मी चांगले सील बदलून घेतले असते आणि गाडी तशीच गळत राहिली असती.

मग पूर्वी डाग का पडला नव्हता? याचे उत्तर ऐकून मी मान खाली घातली. गळती बरीच आधीची होती. पाझरलेले ऑइल इंजिनाखालच्या प्लेटवरचा चिखलाचा थर पिऊन टाकत होता. मिस्त्रींनी ती प्लेट स्वच्छ धुतली आणि थेंब सरळ जमिनीवर यायला लागला. त्यांनी जास्तीचे चांगले काम केले, तोच मी त्यांच्याविरुद्धचा पुरावा धरला.

आता या थेंबाची ओळख कशी करायची ते थोडक्यात सांगतो. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवा. सकाळी रंग, वास आणि स्पर्श पाहा.

स्वच्छ, बिनवासाचे, बोटाला न चिकटणारे पाणी असेल आणि आदल्या दिवशी एसी चालवला असेल, तर ते एसीचे पाणी. काळजी नको. हिरवे, गुलाबी किंवा नारिंगी, किंचित गोडसर वासाचे असेल तर कूलंट. ते विषारी असते, मांजर-कुत्रे चाटणार नाही असे पाहा आणि लगेच पुसून घ्या. मधासारखे ते काळ्यापर्यंत कोणत्याही रंगाचे, बुळबुळीत, ते इंजिन ऑइल. डिझेल गाडीत नवे ऑइलही थोड्याच दिवसांत काळे होते, म्हणून काळे म्हणजे जुने असे समजू नका. घट्ट आणि कुजक्या अंड्यासारखा उग्र वास असेल तर बहुधा गिअर ऑइल. पॉवर स्टीअरिंगचे ऑइल इंजिन ऑइलपेक्षा पातळ. पुष्कळ गाड्यांत ते लाल असते, काहींत पिवळसर किंवा हिरवे. जुने झाले की तेही तपकिरी होते, आणि वाटेतली घाण घेऊन खाली आले की चक्क काळे दिसते. आमच्याकडे सगळे फसले ते इथेच. म्हणून रंगावर एकट्यावर विसंबू नका. डबीतले ऑइल टिश्यू कागदावर घ्या, खालचा थेंब दुसऱ्या कागदावर घ्या आणि शेजारी ठेवून पाहा.

इंजिन ऑइलच गळत असेल, तर शोध नेहमी वरून खाली आणि पुढून मागे घ्यायचा. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा हीच संशयित. सुरुवात स्वस्त गोष्टींपासून करा. टॅपेट कव्हरचे पॅकिंग उष्णतेने कडक होते आणि तिथून ऑइल इंजिनाच्या अंगावरून ओघळते. ऑइल फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरची रबरी रिंग कधी इंजिनालाच चिकटून राहते, आणि तिच्यावर नवी बसली की जोरात गळती होते. ड्रेन बोल्टचा वॉशर असतो. ऑइल प्रेशर स्विच नावाचा एक अंगठ्याएवढा भाग असतो, तोही पाझरतो. हे सगळे तपासून झाल्यावर चेंबरचे पॅकिंग आणि क्रँकची पुढची-मागची सीले यांच्याकडे वळावे. आणि सीले बदलण्याआधी इंजिनाच्या श्वासाची नळी पाहावी. इंजिनात तयार होणारा वायू बाहेर काढणारी ही वाट चोंदली की आत दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर येते. वाट न साफ करता सील बदलले तर नवे सीलही थोड्याच दिवसांत ओले होते.

आता पॉवर स्टीअरिंगकडे वळतो. मोठमोठ्या गाड्यांचे चाक वळवायला द्रवाच्या दाबाची मदत घ्यावी, ही कल्पना अमेरिकेतल्या फ्रान्सिस डेव्हिस या अभियंत्याने १९२६ मध्ये प्रत्यक्षात चालवून दाखवली. प्रवासी मोटारीत ती विक्रीला आली १९५१ मध्ये, क्रायस्लर कंपनीच्या इम्पीरियल गाडीत. तत्त्व पास्कलचे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. हे मी मुलांना शिकवीत आलो आणि माझ्याच बॉनेटखालची डबी मला दिसली नाही! इंजिनावर चालणारा पंप हे ऑइल दाबतो आणि तो दाब चाके वळवायला हात लावतो. टायरमध्ये साधारण दोन बार दाब असतो. स्टीअरिंग टोकापर्यंत वळवून धरले की बऱ्याच गाड्यांत या पाइपमध्ये ऐंशी-शंभर बारपर्यंत दाब चढतो. म्हणून पार्किंगमध्ये स्टीअरिंग टोकाला नेऊन धरून ठेवू नये. किंचित मागे घ्यावे. जुने पाइप याच सवयीने फुटतात.

गळतीच्या जागा ठरलेल्या असतात. डबी आणि तिची नळी, परतीच्या पाइपची क्लिप, दाबाच्या पाइपचा जोड, पंपाच्या दांड्याचे सील, आणि रॅकच्या टोकांची सीले. रॅकला दोन्ही बाजूंना घड्यांचे रबरी बूट असतात. आतले सील गेले की ऑइल त्या बुटात साठते. बाहेर डाग नाही, पण डबी उतरत जाते. इंजिन बंद असताना बूट हलकेच दाबून पाहावा, आत डुचमळले तर समजावे. परतीच्या पाइपची क्लिप शंभर रुपयांच्या आत येते, रॅकचे काम कित्येक हजारांचे असते. नेमकी जागा कळण्याचे मोल यावरून लक्षात यावे.

ऑइल कमी झाले की पंप हवा ओढतो. डबीत फेस दिसतो आणि तो कण्हल्यासारखा आवाज येतो. तसेच चालवत राहिले तर पंपही जातो. भरताना डबीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलेच ऑइल भरा. सगळी लाल ऑइले एक नव्हेत. चुकीच्या ऑइलने सीले फुगतात किंवा खराब होतात. गळती बंद करण्याचा दावा करणाऱ्या बाटल्याही मिळतात. त्यांनी कडक झालेले सील थोडे दिवस मऊ पडेल, पण फाटलेला पाइप शिवला जाणार नाही. नव्या बहुतेक मोटारींत विजेवर चालणारे स्टीअरिंग असते, त्यात हे ऑइल नसतेच. हा जाच आपल्या जुन्या गाडीवाल्यांचा.

कोणती गळती थांबू शकते आणि कोणती नाही, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. टॅपेट कव्हरला घामासारखी ओल असेल तर महिनाभर लक्ष ठेवून चालते. पण ब्रेक ऑइल गळत असेल तर गाडी जागची हलवू नका. ते फिकट पिवळसर असते, चाकांच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेकच्या डबीखाली दिसते, आणि रंगावर पडले तर रंग उचलते. पॅड झिजल्याने डबीतली पातळी थोडी उतरते हे खरे. पण पातळी झपाट्याने उतरली किंवा ब्रेकचे पेडल मऊ लागले तर तर्क करत बसू नका. डिझेल-पेट्रोलचा वास, जळक्या तेलाचा वास किंवा बॉनेटखालून धूर, हेही तसेच. आणि डॅशबोर्डवर किटलीच्या आकाराचा लाल दिवा चालताना लागला, तर पुढच्या गावापर्यंत जाऊ असे म्हणू नका. सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. स्टीअरिंग जड झाले तर घाबरू नका. चाकांशी त्याचा लोखंडी सांधा कायम असतो, गाडी वळते. फक्त जोर लागतो. वेग कमी करा आणि थांबा.

स्वतः पाहणाऱ्यांनी दोन पथ्ये पाळावीत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. स्टँड लावल्याशिवाय डोकेही आत घालू नये. आणि चालू इंजिनावर दाबाच्या पाइपवरून हात फिरवून गळती शोधू नये. बारीक चिरकांडी कातडीतून आत घुसते. जखम सुईएवढी दिसते, पण ती हात गमावण्यापर्यंत जाऊ शकते आणि लगेच रुग्णालय गाठावे लागते. हाताऐवजी पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. निघालेले जुने ऑइल गटारात ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. गॅरेजमध्ये साठवायचे पिंप असते, तिथे द्यावे.

आमच्या गाडीचे काम पाइप, ऑइल आणि मजुरी मिळून साडेचार हजारांत झाले. टॅपेट कव्हरलाही किंचित ओल होती. मी म्हणालो, "तेही करून टाका." मिस्त्री म्हणाले, "नको सर, त्याला अजून वेळ आहे. उगाच पैसे घालू नका."

मी माफी मागितली तेव्हा ते गाडीखाली होते. मी स्टुलावरून उठून, त्या दिवशी होती तितक्याच गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "मिस्त्री, माझी चूक झाली. तुम्ही सांगितले होते, मी ऐकले नाही." खालून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग हात बाहेर आला. "सर, तो बारा-तेराचा पाना द्या जरा." मी पाना दिला. त्यावर ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही.

गळती शोधणे म्हणजे दोष कुणाचा हे ठरवणेच असते. डाग दिसतो तिथे बोट दाखवणे सोपे. आधी जागा स्वच्छ करावी, थोडे थांबावे आणि ओल वर कुठपर्यंत जाते ते पाहावे, एवढा धीर मात्र आपल्याला धरवत नाही. गाडीच्या बाबतीत त्याने पैसे जातात. माणसाच्या बाबतीत अठरा वर्षांचा ऋणानुबंध जाता जाता राहिला.

परवा पुन्हा ऑइल बदलून घेतले. पैसे देताना मिस्त्री म्हणाले, "सर, आठ दिवसांनी एकदा आणा, बघू." आठव्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी चिंचेच्या झाडाखाली गाडी लावून उभा होतो. मिस्त्री अजून यायचे होते.